घाना २००८ : ४०,५८६ मतांची दुसरी फेरी

३० डिसेंबर २००८. घानाची राजधानी अक्रा इथल्या निवडणूक आयोगाच्या मुख्यालयात राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीतल्या २३० पैकी २२९ मतदारसंघांची बेरीज पूर्ण झाली होती. नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेस म्हणजे एनडीसीचे जॉन अट्टा मिल्स ४५,०१,४६६ मतांवर होते, तर सत्ताधारी न्यू पॅट्रिऑटिक पार्टी म्हणजे एनपीपीचे नाना अकुफो-आडो ४४,७८,४११ मतांवर. फरक २३,०५५ मतांचा. बाहेर एनडीसीचे समर्थक जमले होते, पोलिसांनी इमारतीला वेढा दिला होता आणि रेडिओवाल्यांनी आपापल्या बेरजा केव्हाच करून ठेवल्या होत्या. आयोगाचे अध्यक्ष क्वाजो अफारी-जान यांनी आकडे वाचून दाखवले, पण विजेता जाहीर केला नाही. ताइन नावाच्या एका ग्रामीण मतदारसंघात मतपत्रिकांच्या गोंधळामुळे मतदानच होऊ शकलं नव्हतं. तिथे ५३ हजारांहून अधिक नोंदणीकृत मतदार होते, म्हणजे फरकाच्या दुपटीहून जास्त.

व्यवहारात बघायला गेलं तर निकाल लागलेला होता. ताइनमध्ये शंभर टक्के मतदान झालं असतं तरी अकुफो-आडोंना त्यातली सुमारे ७२ टक्के मतं लागली असती. सत्तर टक्के मतदान धरलं तर हाच आकडा ऐंशीच्या पुढे जातो. पहिल्या फेरीत तिथे दोघे तुल्यबळ होते, त्यामुळे असा एकतर्फी कौल मिळण्याची शक्यता नगण्यच होती. पण ‘शक्यता नगण्य’ आणि ‘अशक्य’ यांच्यात फरक असतो. उरलेली मतं फरकापेक्षा जास्त असतील तर थांबायचं, ही साधी कसोटी आयोगाने लावली. पुढचे चार दिवस देश ताठरलेला राहिला खरा, पण नंतर निकालाला पाय राहिले ते याच थांबण्यामुळे, असं आमचं मत आहे. हे प्रकरण सविस्तर मांडायचं कारणही तेच.

नियम काय होता

घानाच्या १९९२च्या संविधानाचं ६३वं कलम सांगतं की, राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी एकूण वैध मतांच्या पन्नास टक्क्यांहून अधिक मतं हवीत. कोणालाच ती मिळाली नाहीत, तर पहिल्या मतदानापासून २१ दिवसांच्या आत पहिल्या दोघांमध्ये पुन्हा निवडणूक घ्यायची. संसदेच्या जागांना ही अट नाही. तिथे आपल्या लोकसभेसारखंच ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, मग ती तीस टक्के का असेनात. दोन्ही मतदानं एकाच दिवशी, दोन वेगळ्या मतपत्रिकांवर होतात.

आपल्याकडे निम्म्याहून एक जास्त हा कोटा विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत भेटतो, पण तिथे तो पसंतीक्रमाने गाठला जातो. मतदार एकदाच येतो, पुढची वजाबाकी-बेरीज मोजणीच्या टेबलावर होते. घानात मतदाराला दुसऱ्यांदा रांगेत उभं राहावं लागतं. हा फरक वाटतो तितका किरकोळ नाही. मधल्या तीन आठवड्यांत प्रचार बदलतो, मतदार बदलतात, घरी राहिलेले बाहेर पडतात आणि बाहेर पडलेले घरी राहतात. दुसरी फेरी ही पहिलीचा उरलेला हिशेब नसते, ती नवीनच निवडणूक असते. खाली आकड्यांत ते स्वच्छ दिसेल.

पहिली फेरी : ७३,४७९ मतं कमी पडली

राष्ट्राध्यक्ष जॉन कुफोर यांच्या दोन टर्म संपत होत्या, त्यांना पुन्हा उभं राहता येत नव्हतं. २००७ मध्ये समुद्रात तेलाचा मोठा साठा सापडला होता. त्यामुळे जो कोणी जिंकेल त्याच्याच काळात तेलाचा पैसा यायला सुरुवात होणार होती. मिल्स कायद्याचे प्राध्यापक. २००० आणि २००४ अशा दोन वेळा ते कुफोर यांच्याकडून हरले होते, त्यातली पहिली हार दुसऱ्या फेरीतच झाली होती. शेजारपाजारचं वातावरणही बरं नव्हतं. केनियात डिसेंबर २००७ च्या निकालानंतर रक्तपात झाला होता आणि झिंबाब्वेत जून २००८ च्या दुसऱ्या फेरीतून विरोधी उमेदवाराने हिंसाचारामुळे माघार घेतली होती.

७ डिसेंबर २००८ ला आठ उमेदवारांमध्ये मतदान झालं. नोंदणीकृत मतदार १,२४,७२,७५८. मतदान केलं ८६,७१,२७२ जणांनी, म्हणजे ६९.५२ टक्के. अकुफो-आडोंना ४१,५९,४३९ मतं (४९.१३ टक्के) आणि मिल्स यांना ४०,५६,६३४ (४७.९२ टक्के). तिसऱ्या क्रमांकावर पा क्वेसी एन्दूम १,१३,४९४ मतांवर. पहिले दोन सोडून बाकीच्या सहा जणांची मिळून २,४९,७६१ मतं, तीन टक्क्यांहूनही कमी.

वैध मतं होती ८४,६५,८३४. त्यांच्या निम्म्याहून एक जास्त म्हणजे ४२,३२,९१८. अकुफो-आडोंना ७३,४७९ मतं कमी पडली. आणि बाद मतं किती? २,०५,४३८. जितक्या मतांनी सत्ताधारी उमेदवाराचं राष्ट्राध्यक्षपद पहिल्याच फेरीत हुकलं, त्याच्या पावणेतीनपट मतं बाद झाली होती. ती सगळी त्याचीच होती असं मुळीच नाही, पण निवडणूक नियोजनात ‘बाद मतं’ हा रकाना शेवटी का ठेवू नये, ते इथे कळतं.

बाद होण्याची कारणं साधी होती. घानात शिक्का नसतो. मतदार शाईत अंगठा बुडवून उमेदवाराच्या चित्रासमोरच्या चौकटीत उठवतो. आठ उमेदवार म्हणजे आठ चौकटी, एकाखाली एक. ठसा रेषेवर पडतो, दोन चौकटींत विभागला जातो, शाई जास्त झाली तर घडी घालताना दुसऱ्या चौकटीवर उमटते. काही जण दोन ठिकाणी अंगठा उठवतात, काही कोरीच पत्रिका टाकतात.

त्याच दिवशी संसदेचाही निकाल लागला आणि तो उलटा होता. राष्ट्राध्यक्षपदाच्या मतांत एनपीपी पुढे, पण २३० जागांच्या संसदेत ११४ जागा घेऊन एनडीसी सर्वांत मोठा पक्ष. एका पत्रिकेवर एक पक्ष आणि दुसरीवर दुसरा, अशा मतदानाला घानात ‘स्कर्ट अँड ब्लाउज’ म्हणतात. त्याचा दुसऱ्या फेरीवर दुहेरी परिणाम होतो. एनडीसीला प्रचारात सांगता आलं की संसद आमच्याकडे झुकली आहे, तेव्हा राष्ट्राध्यक्षही आमचाच द्या. आणि जे खासदारकीला पडले त्यांना गावोगाव मतदार गोळा करण्याचं स्वतःचं कारण उरलं नाही. दुसऱ्या फेरीच्या पत्रिकेवर स्थानिक उमेदवाराचं नाव नसतं, गाड्या आणि माणसं मात्र त्याचीच लागतात.

एकवीस दिवसांत काय काय करावं लागतं

७ डिसेंबरपासून एकविसावा दिवस २८ डिसेंबर. आयोगाने शेवटचाच दिवस धरला, आणि दुसरा पर्यायही फारसा नव्हता. पहिल्या फेरीचा अधिकृत निकाल लागेपर्यंत कोणते दोघे उभे राहणार हे ठरत नाही, आणि ते ठरेपर्यंत पत्रिका छापता येत नाही. त्यानंतर सव्वा कोटी मतदारांसाठी नवी पत्रिका, पक्षांच्या प्रतिनिधींच्या देखरेखीखाली छपाई, प्रत्येक मतदारसंघाचे गठ्ठे वेगळे करून क्रमांकांची नोंद, मग दहा प्रांतांत वाटप. व्होल्टा सरोवराकाठच्या वस्त्यांपर्यंत आणि उत्तरेकडच्या गावांपर्यंत ते सगळं ऐन नाताळात पोचवायचं होतं. मतदान केंद्रं एकवीस हजारांहून अधिक. प्रत्येक ठिकाणी पुन्हा तेच कर्मचारी, तीच शाई, त्याच पारदर्शक पेट्या.

नाताळची आणखी एक अडचण होती. घानात मतदार जिथे नोंदलेला असतो तिथेच मत देतो. सणाला शहरातली माणसं गावी जातात. ७ डिसेंबरला अक्रात रांगेत असलेला माणूस २८ ला त्याच केंद्राजवळ असेलच असं नाही.

ताइन घसरलं ते याच साखळीत. ब्रॉन्ग-आहाफो प्रांतातल्या त्या मतदारसंघात मतपत्रिकांच्या वाटपात घोळ झाला आणि २८ तारखेला मतदान पार पडलं नाही. तीन आठवड्यांच्या वेळापत्रकात अशा चुकीला राखीव दिवस नव्हताच. शब्दशः वाचलं तर २ जानेवारी हा सव्विसावा दिवस. पण संविधानाने दिलेल्या मुदतीत सुरू झालेल्या मतदानाचा उरलेला भाग पुढे ढकलणं आणि मुदत उलटून नवं मतदान घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयोगाने पहिला अर्थ घेतला.

मतं आली कुठून

दुसऱ्या फेरीचे अंतिम आकडे, ताइन धरून असे : मिल्स ४५,२१,०३२ (५०.२३ टक्के), अकुफो-आडो ४४,८०,४४६ (४९.७७ टक्के). फरक ४०,५८६. मतदान ९०,९४,३६४, म्हणजे ७२.९१ टक्के. बाद मतं ९२,८८६.

सर्वसाधारण समजूत अशी असते की दुसरी फेरी तिसऱ्या-चौथ्या उमेदवाराच्या मतदारांवर ठरते. म्हणून मधल्या काळात सगळी चर्चा कोण कोणाला पाठिंबा देतो याचीच होते. घानाच्या आकड्यांत ते बसत नाही. मिल्स यांची मतं ४,६४,३९८ ने वाढली, अकुफो-आडोंची ३,२१,००७ ने. एकूण वाढ ७,८५,४०५. बाहेर पडलेल्या सहा उमेदवारांची मतं होती २,४९,७६१. ती सगळीच्या सगळी मिल्स यांना गेली असं धरलं तरी त्यांच्या वाढीतली २,१४,६३७ मतं दुसरीकडून यायला हवीत.

ती आली दोन ठिकाणांहून. एक, मतदान ४,२३,०९२ ने वाढलं. दोन, बाद मतं १,१२,५५२ ने घटली, कारण आता पत्रिकेवर दोनच चौकटी होत्या आणि अंगठा चुकायला जागा कमी होती. दोन्ही मिळून ५,३५,६४४ जास्तीची वैध मतं. म्हणजे एकूण वाढीतला दोन-तृतीयांशाहून मोठा वाटा इतर उमेदवारांच्या मतदारांचा नव्हताच. हा निव्वळ हिशेब आहे. आत किती जणांनी बाजू बदलली, किती पहिल्यांदा आले नि किती आलेच नाहीत, हे या बेरजेतून दिसत नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. पाठिंब्याच्या पत्रकांपेक्षा केंद्रापर्यंत माणूस आणणं आणि त्याचं मत वैध ठरेल हे बघणं अधिक मोलाचं ठरलं.

अकुफो-आडोंची बाजू पहिल्या फेरीत १,०२,८०५ मतांनी वर होती. तिथून ४०,५८६ खाली म्हणजे १,४३,३९१ मतांचं पारडं फिरलं, आणि तेही त्यांची स्वतःची मतं सव्वातीन लाखांच्या आसपास वाढलेली असताना. हरलेल्या पक्षाला हे पचवणं अवघड जातं, कारण त्याचे कार्यकर्ते खरंच सांगत असतात की आमची मतं वाढली.

मोजणीची साखळी

मतदान सकाळी सातला सुरू होतं, संध्याकाळी पाचला बंद. पेटी कुठेही नेत नाहीत. त्याच केंद्रावर, जमलेल्या लोकांसमोर केंद्राध्यक्ष ती उघडतो, पत्रिका उमेदवारवार लावतो, एकेक पत्रिका दाखवून मोजतो. आकडे ठरावीक फॉर्मवर चढतात. उमेदवारांचे एजंट त्यावर सह्या करतात आणि प्रत्येकाला एक प्रत मिळते. एजंटांच्या वाट्याला येणारी ती गुलाबी प्रत पुढे ‘पिंक शीट’ म्हणून घराघरांत माहीत झाली. तिथून फॉर्म मतदारसंघाच्या संकलन केंद्रात जातात, तिथे केंद्रवार बेरीज होते, पुन्हा सह्या. मतदारसंघाचा आकडा अक्रातल्या ‘स्ट्राँग रूम’मध्ये येतो, जिथे दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी बसलेले असतात.

या रचनेचं बळ म्हणजे एकच आकडा निदान तीन ठिकाणी, परस्परांवर विश्वास नसलेल्या लोकांच्या हातात असतो. वरच्या बेरजेत कोणी फेरफार केला तर खालचे कागद बोलतात. एफएम स्टेशनंही केंद्रांवर माणसं ठेवून आकडे सांगत असतात, त्यामुळे आयोगाच्या घोषणेआधीच अर्ध्या देशाला साधारण चित्र माहीत असतं. तोटा? रेडिओवरचा आकडा आणि आयोगाचा आकडा यांच्यामधल्या प्रत्येक तासात अफवा वाढतात.

कमकुवत जागा केंद्रावरच आहे. कागद खरा असेल, पण त्याआधी पेटीत काय पडलं? जिथे एका पक्षाचं निर्विवाद वर्चस्व असतं, तिथे विरोधी एजंटाला बसूच दिलं नाही किंवा दमदाटी करून हाकललं, तर तीन प्रतींचा उपयोग राहत नाही. २००८ च्या वादाचा गाभा हाच होता. एनपीपीची तक्रार एनडीसीच्या बालेकिल्ल्याबद्दल, म्हणजे व्होल्टा प्रांताबद्दल. एनडीसीची तक्रार एनपीपीच्या बालेकिल्ल्याबद्दल, म्हणजे अशांतीबद्दल. दोन्ही तक्रारींचा नकाशा बघितला की लक्षात येतं : संशय नेहमी तिथलाच असतो जिथे आपला माणूस टेबलाशी नव्हता. देशभराचा फरक केंद्रामागे दोन मतांहूनही कमी होता. इतक्या कमी अंतरात कोणताही आरोप ‘निकाल बदलला असता’ या वाक्यापर्यंत सहज पोचतो.

स्थानिक निरीक्षकांच्या कोडिओ या आघाडीने नमुना केंद्रांवरून समांतर मोजणी केली होती. पहिल्या फेरीत कोणी पन्नास ओलांडलेले नाहीत, हे तपासायला अशी मोजणी उपयोगी पडते. पण ५०.२३ विरुद्ध ४९.७७ अशा लढतीत नमुन्याची स्वतःची चूकच अंतराहून मोठी असते. अशा वेळी ती ‘मोठी हेराफेरी दिसत नाही’ एवढंच सांगू शकते, विजेता सांगू शकत नाही.

३० डिसेंबर ते ३ जानेवारी

एनपीपीने ताइनचं मतदान थांबवावं म्हणून अक्राच्या उच्च न्यायालयात धाव घेतली. नववर्षाच्या सुट्टीच्या दिवशी न्यायालय बसलं. दुसऱ्या बाजूला न ऐकता स्थगिती द्यायला न्यायाधीशांनी नकार दिला आणि आयोगाला नोटीस देऊन सुनावणी सोमवार ५ जानेवारीवर ठेवली. म्हणजे २ तारखेचं मतदान होणारच होतं. एनपीपीने ताइनवर बहिष्कार टाकला. मावळते राष्ट्राध्यक्ष कुफोर यांनी मात्र दोन्ही पक्षांना आयोगाचा निकाल मान्य करण्याचं जाहीर आवाहन केलं. त्यांचाच पक्ष हरत असताना हे विधान आलं, आणि एनपीपीच्या कडव्या गटाच्या पायाखालची जमीन तिथेच सरकली.

२ जानेवारीला ताइनमध्ये मिल्स यांना १९,५६६ आणि अकुफो-आडोंना २,०३५ मतं पडली. अंतर २३,०५५ वरून ४०,५८६ वर गेलं ते या बहिष्कारामुळे. बहिष्काराचा हिशेब इथे चुकला, असंच म्हणावं लागेल. निकाल बदलणार नव्हताच, पण अंतर तेवीस हजारांवर राहिलं असतं तर पुढे न्यायालयात जायला आधार जास्त मिळाला असता.

३ तारखेला अफारी-जान यांनी घोषणा केली. दोन्ही पक्षांच्या तक्रारी आयोगाने पाहिल्या, पण निकाल रद्द ठरवण्याइतका पुरावा मिळाला नाही, असं त्यांनी सांगितलं. अकुफो-आडोंनी त्याच दिवशी पराभव मान्य केला. ६४व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात आव्हान द्यायला त्यांच्याकडे २१ दिवस होते, तो मार्ग त्यांनी वापरला नाही.

अफारी-जान १९९३ पासून त्या पदावर होते. आयोगाच्या अध्यक्षाला अपील न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या सेवाशर्ती लागू असतात, सरकार बदललं म्हणून त्याला हटवता येत नाही. शिवाय १९९४ पासून आयोग आणि सर्व पक्ष यांची सल्लागार समिती बैठका घेत आली होती. मतपेट्या पारदर्शक करण्यासारख्या गोष्टी तिथे बोलून ठरल्या. त्यामुळे २००८ च्या डिसेंबरात पक्ष मतांवर भांडले, पण मोजणीची पद्धत कोणती असावी यावर नाही.

चार दिवसांचं हस्तांतर

शपथविधी ७ जानेवारीला. ३ तारखेला विजेता ठरला, म्हणजे नव्या सरकारला चार दिवस मिळाले. मंत्रालयांची कागदपत्रं, सरकारी घरं, गाड्या, चालू करार यांची यादी करून ताबा घ्यायला हा वेळ हास्यास्पद होता. नंतरचे कित्येक महिने माजी पदाधिकाऱ्यांकडच्या गाड्या आणि घरांवरून वाद चालला. त्यातून २०१२ मध्ये हस्तांतराचा स्वतंत्र कायदा झाला.

मिल्स २४ जुलै २०१२ ला पदावर असतानाच वारले आणि उपाध्यक्ष जॉन द्रामानी महामा यांनी त्याच दिवशी शपथ घेतली. त्या वर्षीच्या निवडणुकीपासून बोटांचे ठसे घेऊन ओळख पटवण्याची पद्धत आली, कारण २००८ ची मतदारयादी फुगलेली आहे यावर सगळ्यांचंच एकमत होतं. महामा पहिल्याच फेरीत ५०.७० टक्क्यांवर जिंकले. या वेळी अकुफो-आडो न्यायालयात गेले. पिंक शीटची चळत पुराव्यात आली, सुनावणी टीव्हीवर थेट दाखवली गेली आणि २९ ऑगस्ट २०१३ ला याचिका फेटाळली गेली. राष्ट्राध्यक्ष तोवर आठ महिने कारभार करत होते. संविधानाने याचीही सोय केली आहे : निवड पुढे अवैध ठरली तरी त्याआधी राष्ट्राध्यक्षाने केलेली कामं बाद होत नाहीत. अकुफो-आडो अखेर २०१६ मध्ये निवडून आले.

७ डिसेंबर ही तारीख एक महिना मागे आणून दुसऱ्या फेरीला आणि हस्तांतराला मोकळी जागा द्यावी, अशी घटनादुरुस्ती २०१६ मध्ये संसदेपुढे आली. तिला दोन-तृतीयांश मतं मिळाली नाहीत. २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ या चारही निवडणुका पहिल्याच फेरीत निकाली निघाल्या, त्यामुळे वेळापत्रकाची ती अडचण पुन्हा कोणाला जाणवलेली नाही. २८ डिसेंबर ते ७ जानेवारी हे अंतर आजही दहाच दिवसांचं आहे.